माकड हा अपुरा माणूस नव्हे

उत्क्रांतीचा पाठ सुरू झाला की वर्गात एक प्रश्न हटकून विचारला जातो : "माणूस जर माकडापासून झाला, तर आजची माकडे माणूस का होत नाहीत?" प्रश्नावर हशा पिकतो. शिक्षक कधी विचारणाऱ्याला खाली बसवतात, तर कधी "त्याला लाखो वर्षे लागतात" असे सांगून पुढे जातात. माझ्या मते यांतले दुसरे उत्तर अधिक घातक आहे. पहिल्याने निदान चुकीचे काही शिकवले जात नाही. दुसऱ्याने मात्र मुलांच्या मनात असे ठसते की, देवळासमोरच्या पारावर बसलेले माकड माणूस होण्याच्या वाटेवर आहे. अजून पुष्कळ चालायचे राहिले आहे, एवढेच.

हा घोळ वर्गापुरताच नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे (या शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे) केंद्र सरकारातील एका राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे लिहिलेले किंवा सांगितलेले नाही, असा त्यांचा मुद्दा होता. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्याचे खंडन केले. पुढे २०२३ साली एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळण्यात आला आणि 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाचे नाव नुसते 'आनुवंशिकता' एवढेच उरले. तेव्हा मागच्या बाकावरून आलेला हा प्रश्न हसण्यावारी नेऊन चालणार नाही.

त्याचे खरे उत्तर सोपे आहे. समजा, तुम्हांला एक चुलतभाऊ आहे. तुम्ही दोघे एकाच आजोबांचे नातू. तो गावी शेती करतो, तुम्ही शहरात शिकता. "तुझा चुलतभाऊ अजून तू का झाला नाही?" असे कोणी विचारले तर तुम्ही काय म्हणाल? तो तुमचा बाप नव्हे, तुमची कच्ची प्रतही नव्हे. त्याचे आयुष्य त्याचे आहे. माणूस आणि आजची माकडे यांचे नाते नेमके असेच आहे. चिंपँझीचा आणि आपला समान पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. आपल्याकडच्या वानर-माकडांचा आणि आपला समान पूर्वज त्याच्याही फार मागे, अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीचा. तो पूर्वज आजच्या वानरासारखाही नव्हता आणि माणसासारखाही नव्हता. तेथून जितकी वर्षे चालत आपण येथवर आलो, तितकीच वर्षे चालत वानरही येथवर आले आहे. त्याची वाट निराळी होती, इतकेच.

शिडीचे चित्र

मग ही चुकीची समजूत आली कोठून? तिचा एक धागा नावातच आहे. कार्ल लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली माणूस, माकडे आणि लेमूर यांना एका गणात बसवले आणि त्या गणाला 'प्रायमेट्स', म्हणजे 'पहिल्या प्रतीचे', असे नाव दिले. मराठीत आपण त्याला 'नरवानर गण' म्हणतो, आणि माझ्या मते हे नाव लिनीअसच्या नावापेक्षा बरे आहे. त्यात नर आणि वानर शेजारी बसले आहेत. कोणी पहिला नाही, कोणी दुसरा नाही.

दुसरा धागा एका चित्राचा आहे. १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात डावीकडून उजवीकडे चालत जाणारी एक रांग चितारली होती. पुढे त्या चित्राच्या शेकडो सोप्या नकला निघाल्या. डाव्या टोकाला चार पायांवर वाकलेले माकड, मग किंचित उठलेले, मग अर्धवट ताठ आणि उजव्या टोकाला ताठ उभा माणूस. हे चित्र तुम्ही वह्यांच्या वेष्टनांवर, जाहिरातींत, सदऱ्यांवरही पाहिले असेल. चित्र लक्षात राहते, पण ते शिकवते चुकीचे. त्यात माकड ही शिडीची पहिली पायरी होते आणि माणूस शेवटची.

आपल्या बोलण्यातही हीच शिडी लपलेली आहे. वेडेवाकडे चाळे म्हणजे 'माकडचेष्टा'. नको त्याच्या हाती अधिकार गेला की 'माकडाच्या हाती कोलीत'. म्हणजे माकड हा माणूस व्हायला निघालेला, पण अकलेत कमी पडलेला प्राणी! आता शिडी बाजूला ठेवू आणि हे प्राणी प्रत्यक्षात कसे जगतात ते पाहू. आजमितीस नरवानर गणात पाचशेहून अधिक जाती ओळखल्या गेल्या आहेत. सर्वांत लहान आहे मादागास्कर बेटावरचा एक मूषक-लेमूर. त्याचे वजन अवघे ३० ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांएवढे. सर्वांत मोठा आफ्रिकेतील गोरिला. त्याचा नर दीडशे किलोच्याही पुढे जातो. या दोघांना एका शिडीवर बसवायचे तर कोणाला कोणत्या पायरीवर बसवणार?

एका वडावरचे दोन भाडेकरू

लांब जायला नको. मराठीत 'वानर' आणि 'माकड' हे दोन शब्द आहेत आणि खेड्यातल्या माणसाला त्यांतला फरक पक्का ठाऊक असतो. काळ्या तोंडाचे, करड्या अंगाचे, लांब शेपटीचे ते वानर. त्यांच्या टोळीतला दांडगा नर तो हुप्प्या. लालसर तोंडाचे, डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखे दिसणारे ते माकड. दोघे एकाच वडावर बसलेले दिसतील, पण त्यांचे संसार अगदी वेगळे.

माकडाच्या गालांत आतून पिशव्या असतात. फळ, दाणा, किडा, जे हाती लागेल ते भराभर गालात कोंबायचे आणि सुरक्षित जागी जाऊन सावकाश खायचे, ही त्याची रीत. त्याला सर्व काही चालते. वानराच्या गालांत अशा पिशव्या नाहीत. त्याचे सारे भांडवल पोटात आहे. झाडाची पाने हे त्याचे मोठे अन्न. पान दिसायला फुकटचे, पण पचवायला महाकठीण. तुम्ही-आम्ही वडाची पाने खाऊन एक आठवडाही काढू शकणार नाही. वानराचे जठर अनेक कप्प्यांचे असते. पुढच्या कप्प्यांत कोट्यवधी जीवाणू राहतात आणि ते पाने आंबवून त्यांतले पोषण मोकळे करतात. हीच युक्ती गाईच्या पोटात आहे. वानर दुपारभर फांदीवर पाय सोडून स्वस्थ बसलेले दिसते तेव्हा ते आळशी नसते. त्याच्या पोटातला कारखाना चालू असतो.

यातली सर्वांत नवलाची गोष्ट १९८७ साली उजेडात आली. आपल्या अश्रूंत आणि लाळेत लायसोझाइम नावाचे एक विकर असते. ते जीवाणूंचे कवच फोडते. गाईच्या जठरात हेच विकर वेगळ्या कामाला लागलेले आहे. पुढच्या कप्प्यांतून वाहत आलेले जीवाणू फोडून ते त्यांचेही अन्न करून टाकते आणि जठरातल्या आम्लात टिकून राहते. कॅरो-बेथ स्टुअर्ट, ॲलन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या हनुमान वानराचे लायसोझाइम तपासले. गाईच्या लायसोझाइममध्ये ज्या जागी बदल झाले आहेत, त्यांतल्या काही जागी वानराच्या लायसोझाइममध्येही तसेच बदल झालेले आढळले. गाय आणि वानर यांचे नाते फार दूरचे. तरी पाने खाण्याचा प्रश्न सारखा, म्हणून उत्तरही सारखे निघाले. ध्यानात घ्या, या बाबतीत वानर माणसाच्या दिशेने सरकलेले नाही. ते सरकले आहे गाईच्या दिशेने! शिडीच्या चित्रात या गोष्टीला जागाच नाही.

आणखी एक पाहा. वानराची टोळी झाडावर असली की खाली अनेकदा चितळांचा कळप जमतो. वानरे निवडून खातात आणि पुष्कळ पाला खाली टाकतात. तो चितळांना मिळतो. वाघ-बिबट्या दिसला की उंचावरचे वानर खाकरल्यासारखी इशाऱ्याची हाक देते आणि चितळ सावध होतात. वानर नाहीसे झाले तर रानातल्या किती जणांचा पहारेकरी जाईल, याचा हिशेब करा.

अंगठ्याची गोष्ट

समोरच्या बोटांना टेकणारा अंगठा हे प्रगतीचे लक्षण, असे आपण घोकतो. माणसाच्या बाबतीत ते खरेही आहे. त्याच अंगठ्याने आपण सुई धरतो आणि लेखणीही. पण तो सर्वांनाच हवा असतो का?

दक्षिण व मध्य अमेरिकेतील कोळी-माकडाला अंगठा जवळजवळ नाहीच. चार लांब बोटांचा त्याला आकडा मिळाला आहे. तो फांदीवर अडकवायचा, झोका घ्यायचा आणि सोडायचा. अशा कामात अंगठा मध्ये आला तर अडचणच. त्याची भरपाई शेपटीने केली आहे. तिच्या टोकाशी खालच्या बाजूस केस नसतात. तेथे आपल्या बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात. त्या शेपटीने फांदी धरून ते सारे अंग लोंबकळत ठेवते आणि चारही हातपाय फळे तोडायला मोकळे राहतात. आफ्रिकेतील कोलोबस या पर्णभक्षी माकडाचाही अंगठा नुसता खुंट आहे. त्याचे नावच 'छाटलेला' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले. नाव ठेवणाऱ्याला ते व्यंग वाटले असावे. कोलोबसला मात्र त्याने काही अडत नाही. आपले हनुमान वानर याच कुळातले, आणि त्याचाही अंगठा आखूडच आहे. पुढच्या खेपेला नीट पाहा.

याच्या उलट इथिओपियाच्या उंच पठारावरचे गेलाडा. झाडे सोडून ते माळावर आले आणि गवतावर जगू लागले. दिवसाचे कित्येक तास ते बसल्या जागी सरकत सरकत गवताची पाती खुडत असतात. त्यासाठी त्यांना अंगठा व तर्जनी यांची इतकी नेमकी चिमूट साधली आहे की, माणूस वगळता फारच थोड्यांना ती जमते. तेव्हा चांगला अंगठा ही माणुसकीकडे नेणारी पायरी म्हणावी, तर ती गवत खाणाऱ्याकडे कशी गेली?

बोटांचा सर्वांत विलक्षण उपयोग मादागास्करच्या आय-आय या प्राण्याने केला आहे. त्याचे पुढचे दात उंदरासारखे सतत वाढत राहतात. त्यामुळे पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी त्याला चक्क खारींच्या कुळात घातले होते. त्याचे मधले बोट काडीसारखे बारीक आणि लांब. रात्री तो फांदीवर या बोटाने टकटक करीत जातो आणि कान लावून आतल्या पोकळीचा अंदाज घेतो. अळी कोठे आहे हे कळले की दाताने भोक पाडायचे आणि बोट आत घालून अळी बाहेर ओढायची. इतर मुलखांत हे काम सुतार पक्षी करतो. मादागास्करमध्ये सुतार पक्षी नाहीत. ती रिकामी जागा एका लेमूराने भरली. दुर्दैवाने तेथील काही लोक आय-आयला अपशकुनी समजतात आणि दिसला की मारतात.

रात्रपाळीचे आप्त

अपशकुनाची गोष्ट निघाली म्हणून आपल्या देशातल्या एका आप्ताची ओळख करून देतो. दक्षिण भारतात व श्रीलंकेत आढळणारा सडपातळ लोरिस हा पाव किलोच्या आसपास वजनाचा, शेपूट नसलेला, मोठ्या वाटोळ्या डोळ्यांचा प्राणी. तमिळमध्ये त्याला 'तेवांगु' म्हणतात. तो सबंध दिवस झोपतो आणि रात्री हिंडतो. हिंडतो म्हणजे काय, तर एकेक हात-पाय इतक्या सावकाश पुढे टाकतो की फांदीचे पानही हलू नये. किड्याला चाहूल लागत नाही आणि लोरिसला मारायला टपलेल्या शिकाऱ्यालाही लागत नाही. त्याच्या हातापायांतील रक्तवाहिन्यांची रचनाच अशी आहे की, फांदी घट्ट धरून तो बराच वेळ न थकता थांबू शकतो. मंदपणा हे त्याचे शस्त्र आहे. अशा या निरुपद्रवी जीवाला जादूटोण्यासाठी आणि औषधाच्या खुळ्या कल्पनांपायी पकडले जाते. २०२२ साली तमिळनाडू सरकारने कडवूर येथे त्याच्यासाठी खास अभयारण्य घोषित केले. लोरिससाठीचे ते देशातले पहिलेच.

आग्नेय आशियातील टार्सियर हाही रात्रीचाच. त्याचा एकेक डोळा जवळजवळ त्याच्या मेंदूएवढा आहे. हे डोळे खोबणीत फिरत नाहीत. म्हणून तो मानच वळवतो, आणि ती इतकी की मागचे सरळ दिसावे. नरवानर गणातला हा एकच प्राणी संपूर्ण मांसाहारी आहे. पान नाही, फळ नाही. किडे, पाली, लहान पक्षी एवढेच त्याचे अन्न.

मादागास्करचा जाड शेपटीचा लेमूर तर कोरड्या हंगामात झाडाच्या ढोलीत शिरून सात-सात महिने निद्रिस्त राहतो आणि शेपटीत साठवलेल्या चरबीवर जगतो. शीतनिद्रा हे थंड प्रदेशातल्या प्राण्यांचे लक्षण, असे आपण पाठ केलेले असते. उष्ण कटिबंधातल्या या आप्ताने ती दुष्काळासाठी वापरली. आणि जपानच्या उत्तर भागातली माकडे? ती हिमवर्षावात दाट लोकरीसारखे केस वाढवून, सालींवर आणि अंकुरांवर हिवाळा काढतात. एकाच गणात ही सगळी उत्तरे आहेत.

बुद्धीचे काय?

कोणी म्हणेल, "हे सर्व ठीक. पण बुद्धीचे काय? माणूस चंद्रावर जाऊन आला. मग तो श्रेष्ठ नव्हे काय?"

माणसाची बुद्धी असामान्य आहे, हे मी नाकारत नाही. ज्या मासिकात तुम्ही हे वाचत आहात ते काढणे वानराला जमणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, बुद्धी हेही एक अनुकूलन आहे, लांब हात किंवा अनेक कप्प्यांचे जठर असते तसेच. ती एकाच दिशेने, एकाच रांगेत वाढत गेली असेही नाही. १९६० साली जेन गुडाल यांनी टांझानियातील गोम्बे येथे चिंपँझी काडीची पाने ओरबाडून ती वारुळात घालताना आणि वाळवी बाहेर काढताना पाहिले. हत्यार बनवणारा तो माणूस, ही व्याख्या त्या दिवशी मोडीत निघाली. चिंपँझी आपला जवळचा नातलग, म्हणून हे एक वेळ पटते. पण ब्राझीलमधील कॅपुचिन माकडे आपल्यापासून सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी वेगळी झालेली. तीही दगडाच्या ऐरणीवर दगडाच्या हातोड्याने कवचाची फळे फोडतात. त्यांनी ही विद्या आपल्याकडे येता येता शिकलेली नाही. त्यांच्या रानात, त्यांच्या गरजेपोटी शिकली आहे. जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ साली 'इमो' नावाच्या एका लहान माकडिणीने रताळ्याची माती पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली. हळूहळू तिच्या जवळची माकडे ते शिकली आणि पुढे आयांकडून पिल्ले शिकली.

उलट, बुद्धीची किंमतही मोजावी लागते. मोठ्या मेंदूला अन्न फार लागते. दोन पायांवर ताठ उभे राहण्याबद्दल माणसाने कंबरदुखी घेतली आणि अरुंद कटीतून मोठ्या डोक्याचे मूल जन्माला घालण्याचे कष्ट घेतले. निसर्गात फुकट काही मिळत नाही. ज्याने जे घेतले त्याने त्याचे मोल दिले आहे.

चुकीच्या चित्राची किंमत

एवढे खोलात शिरायचे कारण काय? चित्र चुकले तर परीक्षेत एखादा गुण जाईल, एवढाच तोटा असता तर मी हा लेख लिहिला नसता. चित्र चुकते तेव्हा वागणेही चुकते.

आपल्या घाटरस्त्यांवर मोटारी थांबवून लोक वानर-माकडांना बिस्किटे, वेफर्स, केळी टाकतात. त्यामागे भक्ती असते, कौतुकही असते. पण मूळ कल्पना अशी की, हा बिचारा अर्धा माणूस आहे, त्याला आपले अन्न दिले की तो सुखी होईल. वानराचे जठर पाने आंबवण्यासाठी घडलेले आहे. बिस्किटातले पीठ आणि साखर हे त्या कारखान्याचे इंधन नव्हे. शिवाय रस्त्याची चटक लागलेली टोळी रस्त्यावरच राहते. पिल्ले चाकाखाली सापडतात. पिशव्या हिसकावण्याची सवय लागते. मग तेच लोक "माकडांचा उपद्रव वाढला" म्हणून ओरड करतात. कोकणातल्या नारळ-केळी-आंब्याच्या बागायतदारांचे नुकसान खरे आहे आणि त्यांची तक्रार रास्त आहे. पण ज्यांनी घाटात बसून खाऊ घातला त्यांनी या दुखण्यात भर घातली आहे, हेही तितकेच खरे.

याहून मोठा तोटा दुसराच आहे. 'माकडे काय, जिकडे-तिकडे आहेत' असे आपण सहज म्हणून जातो. स्टेशनावर, देवळात, गच्चीवर दिसणारी माकडे ही मिळेल ते खाणारी आणि कोठेही निभावणारी. म्हणून तर ती आपल्याजवळ टिकली. त्यांच्या गर्दीआड बाकीचे आप्त दिसेनासे होतात. सिंहासारख्या गोंडेदार शेपटीचे सिंहपुच्छ माकड केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटक येथील पश्चिम घाटाच्या सदाहरित अरण्यांतच आढळते. जगात आणखी कोठेही नाही. त्याला सलग छत्रीसारखे रान लागते. केरळच्या सायलेंट व्हॅलीतील जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध लोक उभे राहिले तेव्हा या माकडाचे नाव देशभर झाले. १९८३ साली तो प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १९८४ साली तेथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

ईशान्येकडील हुलॉक गिबनची गोष्ट अधिक बोलकी आहे. गिबन हा शेपूट नसलेला कपी, म्हणजे चिंपँझी-गोरिलांच्या आणि आपल्या बिरादरीतला. भारतातले कपी म्हणजे हे गिबनच. पायांपेक्षा कितीतरी लांब अशा हातांनी तो फांदीवरून फांदीवर झोके घेत जातो, आणि सकाळी नर-मादी मिळून अशी साद घालतात की सारे रान घुमते. आसामातील जोरहाटजवळ होलोंगापार येथे त्यांच्यासाठी १९९७ साली अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम २१ चौरस किलोमीटर, आणि त्याच्या मधून रेल्वेचा मार्ग जातो. माकडाला रूळ ओलांडणे म्हणजे काहीच नाही. गिबन मात्र सहसा झाड सोडत नाही. रुळांच्या दोन बाजूंची झाडे एकमेकांना भिडत नाहीत, एवढ्या कारणाने त्यांची कुटुंबे अलग पडतात. जे हात झाडावर त्याचे वैभव, तेच झाड तुटले की त्याची अडचण. प्रत्येक अनुकूलन हा प्राण्याने आपल्या रानाशी केलेला करार असतो. रान मोडले की करार मोडतो.

२०१७ साली अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन जगातील नरवानर गणाचा आढावा घेतला. सुमारे ६० टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत आणि सुमारे ७५ टक्के जातींची संख्या घटत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. गंमत अशी की, आपल्याला यांतले सगळे आप्त अजून पुरते ठाऊकही नाहीत. अरुणाचल प्रदेशातले एक मोठे माकड, ज्याला तेथील मोनपा लोक 'मुनझाला' म्हणजे दाट रानातले माकड म्हणत आले, ते शास्त्राच्या दप्तरात भारतीय संशोधकांनी २००५ साली नोंदवले. शिडीवर विश्वास ठेवला तर या नाहीशा होण्याचे दुःख वाटायचे कारण नाही. खालच्या पायऱ्या गेल्या, वरची तर शाबूत आहे! पण झाडाची फांदी तुटली तर ती पुन्हा जोडता येत नाही. वानराच्या जठरातली युक्ती, आय-आयचे बोट, लोरिसची सावकाश चाल ही कोट्यवधी वर्षांची कमाई आहे आणि तिची दुसरी प्रत कोठेही ठेवलेली नाही.

तुम्ही काय कराल?

शिक्षकांना माझी विनंती अशी की, उत्क्रांती शिकवताना रांगेचे चित्र फळ्यावर काढू नका. एक झाड काढा. एका फांदीच्या टोकाला माणूस लिहा, शेजारच्या टोकाला चिंपँझी, थोडे अलीकडून फुटलेल्या फांद्यांवर गोरिला, ओरांगउटान, गिबन. मग वानर-माकडे, कोळी-माकड, टार्सियर, लेमूर. सगळी नावे झाडाच्या शेंड्यांवरच येतील, कारण ही सगळी आजची आहेत. बुंध्यावर आजच्या कोणाचेच नाव येणार नाही. हे एक चित्र नीट समजले तर पाठाचे अर्धे काम झाले.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला एक छोटे काम. गावाजवळ, डोंगरावर किंवा घाटात वानरांची टोळी दिसली तर पुरेशा अंतरावर एक तास शांत बसा. जवळ वही ठेवा. खाऊ मात्र ठेवू नका. ती काय खातात, कोणत्या झाडाची कोवळी पाने निवडतात, किती वेळ नुसती बसून राहतात, उडी मारताना शेपूट कोठे असते, पिल्लू कोणाकोणाच्या हातांत जाते, हे लिहून काढा. शेजारी माकडांची टोळी असेल तर तिचीही नोंद करा आणि दोन्ही नोंदी ताडून पाहा. तासाभरात तुम्हांला दिसेल की, यांतले कोणीही माणसाची नक्कल करीत नाही. ज्याचा तो आपल्या कामात गढलेला असतो.

मग वर्गात पुन्हा कोणी विचारले, "आजची माकडे माणूस का होत नाहीत?" तर हसू नका. त्याला सांगा, त्यांना माणूस व्हायचेच नव्हते. ती उत्तम माकडे झाली आहेत. आणि ती तशीच राहावीत एवढे रान आपण शिल्लक ठेवतो की नाही, हा पुढचा प्रश्न आता आपल्यासाठी आहे.